कडेच्या पेशी

वरवली बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात अमोनियाचा वास कायमचाच असे. थंडाव्यासाठी वापरले जाणारे दुसरे वायू हवा तापवतात म्हणून जगभर बंद झाले, आणि मागे पडलेला हा जुना वायू पुन्हा गावोगावच्या कारखान्यांत आला. स्वस्त, कामाला चोख, आणि माणसाच्या अंगाला अतिशय वाईट.

हर्षदा पावसे त्या वासातच वाढली होती. आईवडील तिच्या लहानपणीच गेले. सुमनआत्याने तिला आपल्या घरी आणलं, शिकवलं, आणि पुढे आपला मुलगा नितेश याच्याशीच तिचं लग्न लावून दिलं. मामाची मुलगी घरात आणायची रीत त्यांच्याकडे होतीच. कारखाना नितेशच्या वडिलांचा, त्यांच्या पश्चात नितेशचा. कुठल्या बोटीला बर्फाच्या किती लाद्या जायच्या, हे सगळं हर्षदा बघायची.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी ती यंत्रघराच्या दाराशी उभी राहून एका बोटमालकाशी फोनवर बोलत होती. आत कॉम्प्रेसरपाशी जयवंत कालेकर होता, कारखान्यातला जुना ऑपरेटर. त्याच्या डोक्यावरून जाणारा पाइप कोपऱ्यात फुटला. पांढरा लोट दारातून बाहेर आला आणि हर्षदाच्या तोंडावर आदळला. कुणीतरी डोळ्यांत निखारे चोळतंय असं तिला वाटलं. ती जागच्या जागी बसली. मग दंडाला धरून कुणी तिला फरफटत अंगणात नेलं आणि तिचं डोकं नळाखाली धरलं.

"डोळे उघडे ठेवा, वहिनी. पाणी जाऊ दे आत." आवाज जयवंतचा होता. "मी मेन व्हॉल्व्ह बंद करून येतो."

त्याने व्हॉल्व्ह बंद केला. मात्र बाहेर त्याला उचलून आणावं लागलं. छाती आतून भाजली होती. दोन दिवसांनी दवाखान्यातच तो वारला.

*

आंधळेपण काळं असतं असं हर्षदाला वाटायचं. तिच्या वाट्याला आलं ते पांढरं होतं. ताकाच्या भांड्यात डोळे उघडावेत तसं. दिवस आहे की संध्याकाळ, एवढंच त्या पांढऱ्यातून कळायचं.

मिरजेच्या नेत्ररुग्णालयात डॉ. इरावती नाडगौडा यांनी तिला समोर बसवून समजावलं. त्या घाई करत नसत आणि खोटा धीरही देत नसत.

"डोळ्याच्या समोरच्या काचेला आम्ही कॉर्निया म्हणतो. त्या काचेवर फार पातळ त्वचा असते. ती सारखी झिजते आणि सारखी नवी येते. नवी त्वचा तयार करणाऱ्या मूलपेशी बुबुळाच्या कडेला असतात, काळं आणि पांढरं जिथे मिळतं त्या रेषेवर. तुमच्या दोन्ही डोळ्यांची ती कडच जळली आहे. त्यामुळे काचेवर नवी त्वचा येत नाही, आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची त्वचा रक्तवाहिन्या घेऊन तिथे चढते आहे. तुम्हाला जे पांढरं दिसतं ना, ते हेच."

"मग नवी काच बसवता येत नाही?" नितेशने विचारलं.

"बसवली तरी तिच्यावर त्वचा धरणार नाही. आधी कड उभी करायला हवी."

त्यासाठी पॅच होता. माशाच्या खवल्यांतून काढलेल्या कोलॅजनचा, अंगठ्याच्या नखाएवढा आणि काचेसारखा पारदर्शक. त्याच्या विणीत निरोगी डोळ्याच्या कडेवरच्या पेशी वाढवलेल्या असत. शिवाय प्रत्येक धाग्यात दाह कमी करणारं औषध बांधून ठेवलेलं असे. डोळ्यात दाह सुरू झाला की तिथे काही विकरं, म्हणजे एन्झाइम, वाढतात. तीच विकरं हे धागे कुरतडायची आणि औषध मोकळं करायची. जेवढा दाह, तेवढंच औषध. दिवसभर थेंब घालत बसायला नको. पूर्वी हाच दाह नव्या पेशींना मारून टाकायचा. या पॅचने तो आवरला होता.

फक्त दोन अडचणी होत्या. भाजलेल्या डोळ्यात पेशी कायमच्या टिकत नसत. वर्षभराने दिवे धुरकट दिसायला लागायचे, आणि पॅच बदलावा लागायचा. दुसरी अडचण म्हणजे पेशी कुणाच्या घ्यायच्या. स्वतःच्या घ्यायच्या तर हर्षदाचे दोन्ही डोळे गेलेले. अनोळखी दात्याच्या पेशींचा पॅच लावून बघितला, तो तिच्या शरीराने महिन्याभरातच झिडकारला. सख्खं भावंड नव्हतं.

"रक्ताच्या नात्यातलं दुसरं कुणी?"

"मी आहे," नितेश म्हणाला. "मी तिचा आत्येभाऊ."

तपासणीत त्याच्या पेशी आश्चर्य वाटावं इतक्या जुळल्या. "आजोबा एकच ना," डॉक्टर म्हणाल्या. "कधी कधी आनुवंशिकतेची अशी गाठ पडते."

नितेशने एकच प्रश्न विचारला. "कधी करायचं?"

त्याच्या उजव्या डोळ्याच्या कडेवरून तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा काढला. त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून गोठवून ठेवल्या. पुन्हा पुन्हा त्याच्या डोळ्याला हात लावायची गरज नव्हती. मात्र दर वेळी त्याची संमती लागणार होती, आणि तीसुद्धा मिरजेला प्रत्यक्ष येऊन, समुपदेशकासमोर एकट्याने बसून दिलेली. एका घरात सासरच्यांनी दिराच्या डोळ्यांसाठी सुनेच्या बुबुळाची कड तिच्या मनाविरुद्ध वापरल्याचं उघडकीला आल्यावर हा कायदा झाला होता. दात्याने कधीही नाही म्हणावं. कारण विचारायचा हक्क कुणालाच नाही, रुग्णालाही नाही.

पट्टी सोडली तेव्हा हर्षदाला आधी खिडकीचे गज दिसले, मग नितेश. त्याचा उजवा डोळा लाल होता आणि तो तिच्याकडे बघून हसत होता. तिने त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्या क्षणी ती त्याच्यासाठी काहीही करायला तयार होती. हे तिला पुढेही नीट आठवत राहिलं, आणि आठवलं की कसंतरी व्हायचं.

*

बंदरावर त्या पॅचला लोक 'खवला' म्हणायला लागले. हर्षदा बाजारात गेली की बायका तिची हनुवटी वर करून तिचे डोळे बघत. "नवऱ्याचा खवला लावलाय हिला," एकमेकींना सांगत. नितेशचं नाव फार मोठं झालं. दर्यासारखं मन म्हणायचे. मच्छीमार सोसायटीच्या सभेत त्याचा सत्कार झाला. हर्षदाला त्याच्या शेजारी बसवलं आणि बोलायला सांगितलं. ती दोन वाक्यं बोलली आणि बसली.

सुमनआत्या तिच्या डोक्याला तेल लावता लावता म्हणायची, "माझ्या लेकाच्या डोळ्यांनी बघतेस गो तू." त्यात टोमणा नसायचा, उलट माया असायची. म्हणून तर हर्षदाला उत्तर देता येत नसे.

नितेश स्वतः कधी काही बोलत नसे. पण घरात एक गोष्ट हळूहळू बदलली. पूर्वी दोघांचं चांगलं कडाक्याचं भांडण व्हायचं. लहानपणापासून एकत्र वाढलेले, दोघंही हट्टी. आता भांडण सुरू झालं की हर्षदा मध्येच थांबायची. समोर त्याचा डोळा असायचा, आणि ती ज्यातून त्याच्याकडे बघत होती तेही त्याचंच होतं. ती म्हणायची, "जाऊ दे." नितेशला सुरुवातीला याचं नवल वाटलं. मग सवय झाली.

जयवंतच्या मृत्यूची चौकशी चालू होती. ऑपरेटरने घाईत चुकीचा व्हॉल्व्ह उघडला, त्यामुळे दाब वाढून पाइप फुटला, असं कारखान्याचं म्हणणं होतं. फुटलेला पाइप अपघातानंतर लगेच भंगारात गेला होता.

दुसऱ्या पॅचची वेळ जवळ आली होती तेव्हा एका दुपारी जयवंतची बायको, प्रमिला, हर्षदाला भेटायला आली. कारखान्यात नाही, घरी नाही, सोसायटीच्या लिलावाच्या शेडमध्ये, जिथे दुपारी कुणी नसतं.

"वहिनी, माझी केस कामगार न्यायालयात उभी राहिलीय," ती म्हणाली. "त्यांचीच चूक होती असं ठरलं तर सगळंच संपलं. मला एकच विचारायचंय. त्यांनी शेटना पाइपाचं सांगितलं होतं ना?"

हर्षदाने मागे वळून शेडच्या दाराकडे बघितलं.

"ते घरी येऊन मला म्हणाले होते. शेटना सांगितलं, कोपऱ्यातला पाइप गंजून कागदासारखा झालाय, कारखाना बंद ठेवून बदलूया. वहिनीपण तिथे होत्या, असं म्हणाले."

ती होती. अपघाताच्या आधी, गणपती नुकतेच झाले होते. जयवंत ऑफिसच्या दारात उभा राहून बोलत होता, आणि नितेश मोबाईलवरून मान वर न करता म्हणाला होता, "ऐन हंगाम आहे, जयवंत. दिवाळीनंतर बघू." जयवंत क्षणभर थांबला, मग हर्षदाकडे बघून हसला आणि निघून गेला. लाद्यांचा हिशेब करण्याच्या गडबडीत ती ते विसरूनही गेली होती.

"मी तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाही," प्रमिला म्हणाली. "जे ऐकलं तेवढंच सांगा."

"सांगेन," हर्षदा म्हणाली. आणि ती तेव्हा मनापासून म्हणाली.

*

दुसऱ्या पॅचसाठी दोघं मिरजेला गेले. दिवे धुरकट व्हायला लागले होते, प्रत्येक दिव्याभोवती पिंजारलेल्या कापसासारखं कडं दिसत होतं. नितेश समुपदेशकाच्या खोलीत गेला. पहिल्या वेळेला तो लगेच बाहेर आला होता. या वेळी बराच वेळ लागला. बाहेरच्या बाकावर बसून हर्षदा त्या बंद दाराकडे बघत राहिली. आत काय चाललंय हे तिला विचारता येणार नव्हतं. तो नाही म्हणाला तर? तिने स्वतःलाच दटावलं.

दार उघडून नितेश बाहेर आला. "चल, चहा घेऊ," म्हणाला.

"झालं?"

"झालं ना."

दुसऱ्या दिवशी पॅच बसला आणि जग पुन्हा लख्ख झालं.

घरी परतल्यावर साक्षीचं समन्स आलेलं होतं. जेवणं झाल्यावर, आत्या शेजारी गेलेली असताना, हर्षदाने विषय काढला.

"जयवंतने तुला पाइपाबद्दल सांगितलं होतं. मी तिथे होते."

नितेश शांतपणे बडीशेप चघळत होता. "मग?"

"मला कोर्टात विचारतील."

"तुला जे आठवतं ते सांग. मी तुला कधी अडवलंय?"

तिला एकदम हलकं वाटलं. तो उठला, ताट उचलून मोरीत ठेवलं, आणि तिकडूनच म्हणाला, "एक मात्र ध्यानात ठेव. ते सिद्ध झालं तर नुसत्या भरपाईवर भागणार नाही. माझ्यावर गुन्हा होईल, मी आत जाईन. पुढच्या वर्षी मिरजेला तुझ्याबरोबर कोण येणार, ते ठरवून ठेव."

आवाज जराही चढला नव्हता. नळ सुरू करून तो हात धूत राहिला.

त्यानंतर साक्षीच्या दिवसापर्यंत हर्षदा रोज उठून आधी खिडकीबाहेर बघायची. बंदराच्या धक्क्यावर रंगवलेले बोटींचे आकडे दिसायचे. समोरच्या बोटीवरचा माणूस जाळं शिवताना सुई कशी फिरवतो, तेही दिसायचं. ती डोळे मिटून ते पांढरं आठवायची. न्हाणीघरात भिंत चाचपत जाणं, भाताच्या ताटात बोटं घालून भाजी शोधणं, आत्याने तिचे केस विंचरणं. हे पुन्हा, आणि आता कायमचं. डॉक्टरांना फोन करून तिने विचारलं, "दाता तुरुंगात असेल तर?"

डॉक्टर थोडं थांबल्या. "संमती रुग्णालयात येऊनच द्यावी लागते. तुरुंगातून आणायची सोय आहे, पण दबावाखाली दिलेली नाही ना, हे बघायला फार काळ जातो. आणि पुन्हा सांगते, दाता कधीही नाही म्हणू शकतो." मग त्यांनी विचारलं, "काही झालंय का, हर्षदा?"

"नाही. सहज."

*

न्यायालयात प्रमिला पहिल्या बाकावर बसली होती. जयवंतच्या जुन्या सदऱ्याची पिशवी शिवून तिने मांडीवर घेतली होती. तिच्या वकिलांनी हर्षदाला नेमका प्रश्न विचारला.

"पाइप गंजला आहे, असं जयवंत कालेकर यांनी मालकांना तुमच्यासमोर सांगितलं होतं का?"

हर्षदाने समोर बघितलं. तिला सगळं स्पष्ट दिसत होतं. प्रमिलाच्या कपाळावरची पुसलेल्या कुंकवाची फिकट जागा, वकिलांच्या काळ्या कोटावरचा पांढरा केस, मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसलेला नितेश.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

"नीट आठवून सांगा. गणपतीनंतर, ऑफिसच्या दारात."

"जयवंत बरेचदा यायचे. असं काही बोलल्याचं मला आठवत नाही."

प्रमिला रडली नाही. तिने फक्त पिशवी मांडीवरून उचलून पायाशी ठेवली. केस त्याच महिन्यात निकाली निघाली. दुर्घटना ऑपरेटरच्या चुकीने झाली, असं ठरलं. प्रमिला दापोलीला एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागली, असं नंतर कानावर आलं.

परत येताना गाडीत नितेशने तिचा हात हातात घेतला. तो हात तिने काढून घेतला नाही.

*

वर्ष गेलं. दिव्यांभोवती पुन्हा कडी दिसायला लागली. मिरजेला निघायच्या आदल्या दिवशी नितेशला कॉम्प्रेसरच्या कामासाठी कोल्हापूरला जावं लागलं. "तू पुढे हो, मी दुपारपर्यंत पोचतो," तो म्हणाला.

रुग्णालयात पोचल्यावर हर्षदा समुपदेशकांच्या खिडकीपाशी गेली. तिथल्या बाईंना म्हणाली, "माझे यजमान दुपारी येतील. संमतीसाठी थोडं थांबाल का?"

बाईंनी पडद्यावर बघितलं. "त्यांची गरज नाही. तुमचा पॅच तयार आहे. उद्या सकाळी बसवू."

"पण संमती?"

"ती कायमची आहे ना." हर्षदाचा चेहरा बघून बाई थांबल्या. "गेल्या वर्षी कायदा बदलला. दात्याला हवं तर तो आपल्या पेशी कायमच्या देऊन टाकू शकतो. मग त्याला त्या मागे घेता येत नाहीत. फार थोडे लोक असं करतात. तुमच्या यजमानांनी मागच्या खेपेलाच ते केलं. आम्ही तुम्हाला कळवणार होतो, पण ते म्हणाले, मीच घरी सांगेन."

हर्षदा बाकावर येऊन बसली. मागच्या खेपेला. म्हणजे साक्षीच्या आधी. म्हणजे मोरीपाशी हात धूत तो बोलला त्याच्याही आधी.

डॉ. नाडगौडा तिला तपासायला आल्या तेव्हा ती एकच म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो. दात्याची गोष्ट दात्याने सांगायची असते." त्यांनी तिच्या पापणीवरचा हात काढला. "तुम्ही मला तुरुंगाबद्दल विचारलं होतं, तेव्हा मला बोलायला हवं होतं. कायद्याने मला बोलता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांना लागू असलेला नियमच सांगितला. त्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला."

दुपारी नितेश आला. रुग्णालयाच्या मागे कडुनिंबाखाली चहाची टपरी होती. तिथे हर्षदाने त्याला विचारलं.

"तू कायमचं देऊन टाकलं होतंस."

त्याने पेला खाली ठेवला. नाकारायचा त्याचा विचार दिसला नाही. "हो."

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगणार होतो. त्याच दिवशी, चहा पिताना. मग म्हटलं, केस होऊन जाऊ दे."

"आणि मला मिरजेचं बोललास."

"तुझ्याबरोबर कोण येणार, एवढंच विचारलं होतं. त्यात खोटं काय होतं?"

"नितेश."

तो हळू आवाजात बोलला, आणि या वेळी त्याचा आवाज खरा वाटला. "तुला डोळे द्यायला मी तयार होतो, हर्षदा. तेव्हाही, आताही. दुसराही दिला असता. पण तुरुंगात जायला मी तयार नव्हतो. दोन्ही खरं आहे. तुला त्यातलं एकच खरं वाटतंय."

"मी कोर्टात खोटं बोलले."

"तू ठरवलंस. मी तुला सांगितलं होतं, आठवतं ते सांग."

त्याने तिच्या भीतीला नुसतं बोट लावलं होतं, बाकीचं तिने केलं होतं. जयवंतने ज्या नळाखाली तिचं डोकं धरलं होतं, त्या नळाचं पाणी तोंडावरून वाहत असताना तो तिला वहिनी म्हणाला होता. पाइपाचं बोलणं तिला आठवत होतं. एक शब्दही ती विसरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने पॅच बसवून घेतला. नको म्हणायचं असं तिच्या मनात आलं होतं. बाकावर बसून तिने तासभर तो विचार केला. पण पांढऱ्यात परत जायचं धाडस तिला झालं नाही, आणि तेही तिने स्वतःशी कबूल केलं.

*

घरी आल्यावर तिने बॅग भरली. सासर सोडून जायचं तर माहेरी जायचं असतं, पण तिचं माहेरही हेच घर होतं. सुमनआत्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"कुठे चाललीस?"

"दापोलीला. खोली बघितलीय."

"त्याने काय केलं तुझं वाईट?" आत्याने विचारलं. हर्षदाने सांगायचा प्रयत्न केला, पाइपाचं, साक्षीचं. आत्या ऐकत होती, आणि ऐकता ऐकताच तिचा चेहरा बंद झाला. जयवंत तिच्याही हातचं कितीदा जेवला होता. पण नितेश तिचा मुलगा होता.

"डोळे मिळाले, आता निघालीस," ती म्हणाली. आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही.

दापोलीत हर्षदाने आधी वकील गाठले, प्रमिलाचेच. आपण खोटी साक्ष दिली, असं तिने स्वतःहून सांगितलं. वकिलांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. "तुमच्यावर कारवाई होऊ शकते."

"होऊ दे."

"आणि इतक्या उशिरा केस पुन्हा उघडायची म्हणजे... बघतो."

केस पुन्हा उघडावी म्हणून अर्ज झाला. सुनावणीला पहिल्याच न्यायालयात, त्याच खोलीत, हर्षदा उभी राहिली. या वेळी तिने सगळं सांगितलं. गणपतीनंतरची ती सकाळ, दारातला जयवंत, 'दिवाळीनंतर बघू'. मग मोरीपाशी नितेश काय बोलला तेही. ती थांबली तेव्हा तिला वाटलं, आता निदान ते बोललं गेलं.

कारखान्याचे वकील उठले. ते सभ्य गृहस्थ होते.

"हर्षदाताई, आपण सध्या यजमानांबरोबर राहत नाही?"

"नाही."

"सहा महिन्यांपूर्वी घर सोडलंत. त्यानंतर आपल्याला ही गोष्ट आठवली."

"मला तेव्हाही आठवत होती."

"म्हणजे शपथेवर आपण खोटं बोलला होतात."

"हो."

"डोळे जातील या भीतीने. पण ज्या माणसाने आपल्याला त्याच्या पेशी कायमच्या देऊन टाकल्या होत्या, त्याचीच भीती आपल्याला होती. असंच ना?"

"मला ते माहीत नव्हतं."

"मागच्या वेळी आपण शपथेवर बोललात, आज आपण शपथेवर बोलताय. न्यायालयाने कुठल्या हर्षदाताईंवर विश्वास ठेवावा?" ते उत्तराची वाट न बघता बसले.

न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला. पाइप उरलेला नव्हता, दुसरा साक्षीदार नव्हता, आणि जी एकमेव साक्षीदार होती तिने दोन वेळा दोन गोष्टी सांगितल्या होत्या. नवऱ्याशी बिनसल्यावर बदललेल्या साक्षीवर आधीचा निकाल फिरवता येणार नाही, असं ते म्हणाले. हर्षदाच्या खोट्या साक्षीबद्दल वेगळी नोटीस निघेल, हेही त्यांनी सांगितलं. मागच्या बाकावर नितेश बसला होता. निकाल ऐकून तो हसला नाही. उठून तिच्याकडे एकदा बघितलं, जवळ यावं की नाही अशा घोटाळ्यात थोडा थांबला, आणि निघून गेला.

बाहेर उन्हात प्रमिला वकिलांशी बोलत होती. हर्षदा तिच्यापाशी गेली.

"मी सगळं सांगितलं," ती म्हणाली.

"ऐकलं मी." प्रमिलाने पदर खांद्यावरून घेतला. "पहिल्या वेळेला मला वाटलं होतं, तुम्हाला खरंच आठवत नसेल. डोळ्यांचं एवढं झालेलं, माणूस विसरतं. घरी जाऊन मी पोरीलाही तसंच सांगितलं. आता तिला काय सांगू?"

हर्षदाने डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून हात आडवा धरला.

"तुम्ही बोललात ते तुमच्या मनासाठी बोललात, वहिनी. त्याने आमचं काही झालं नाही." प्रमिलाच्या बोलण्यात राग नव्हता. ती दमलेली होती.

दापोलीची एसटी दोघींनाही एकच होती. स्टँडवर त्या दोन खांबांपाशी वेगवेगळ्या उभ्या राहिल्या. गाडी आली, प्रमिला आधी चढली आणि खिडकीपाशी बसली. हर्षदा चढली तेव्हा गाडी भरली होती. एकच जागा रिकामी दिसत होती, प्रमिलाच्या शेजारची. हर्षदा तिथपर्यंत गेली. प्रमिलाने तिच्याकडे बघितलं, मग पायाशी ठेवलेली ती सदऱ्याची पिशवी उचलून शेजारच्या जागेवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

कंडक्टर मागून म्हणाला, "बाई, ती पिशवी घ्या मांडीवर, त्यांना बसू द्या."

"राहू दे," हर्षदा म्हणाली. "मी उभी राहते."

गाडी सुटली. वरची दांडी धरून ती दापोलीपर्यंत उभी राहिली.